घराला ‘येते’ शिकवताना

आमच्या घरात सध्या चार यंत्रं नांदतात. दिवा, पंख्याचं बटण, दाराचं कुलूप आणि एक बोलका डबा. चौघांच्या कंपन्या वेगळ्या, ॲप वेगळी आणि तोरा तर त्याहून वेगळा. आली तेव्हा त्यांचं एकमेकांशी बोलणंच नव्हतं. एकाच ओट्याभोवती वावरणाऱ्या, पण एकमेकींकडे ढुंकून न बघणाऱ्या चार जावा असतात ना, तसा प्रकार. मी शाळेत मराठी शिकवते. वर्गभर पोरींना एका नजरेत गप्प करते. पण या चौघांनी माझा जीव मेटाकुटीला आणला.

ही यंत्रं काही हौसेनं आणलेली नव्हती. दोन वर्षांपूर्वी यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, अर्धांगवायूचा झटका आला. वाळूजच्या कारखान्यात जन्मभर मशिनी दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. उजवा हात आणि पाय अधू झाले, जीभ जड झाली. डोकं मात्र पहिल्यासारखंच चालतं आणि नाकावरचा रागही जागच्या जागी आहे. काठी घेऊन सावकाश चालतात, डाव्या हातानं जेवतात. पण खुर्चीतून घाईनं उठले की तोल जातो. एकदा दारावरची बेल वाजली म्हणून उठायला गेले आणि चपलांच्या रॅकवर पडले. कपाळाला टाके पडले. बाहेर कोण होतं म्हणाल, तर पाण्याच्या फिल्टरची जाहिरात करणारा.

मग सांभाळायला बाई ठेवली. यांनी तिला आठवडाभर टिकू दिलं नाही. दुसरी आली, ती स्वतःच्या मालिका सोबत घेऊनच आली. दिवसभर टीव्ही तिचा आणि खुर्चीत बसून रागानं धुमसणारे हे. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकलं की एकच वाक्य, एकेक शब्द ओढून काढलेलं: "मी काय लेकरू हाय का राखण ठेवायला?"

आमची लेक पुण्यात असते. तिचं म्हणणं सरळ होतं. आईनं नोकरी सोडावी, नाहीतर बाबांनी पुण्याला यावं. यांना दोन्ही नामंजूर. व्हिडिओ कॉलवर यांनी तिला सांगितलं, "तुझी आई नौकरी सोडणार नाय. अन् मी गारखेडा सोडणार नाय." एवढं बोलायला यांना बराच वेळ लागला. लेक वाक्य संपेपर्यंत थांबली, हे तिचं मला आवडलं.

मला शाळा सोडायची नव्हती, हे खरंच आहे. पण त्याहून खरं हे की मला यांच्याशिवायचं घर नको होतं. शेवटी बापलेकीत तह झाला. मी शाळेत असताना यांना खुर्चीतून न उठता दिवा, पंखा आणि दार सांभाळता आलं पाहिजे आणि अडलं तर मला बोलावता आलं पाहिजे. जमलं तर हे आपल्या घरी एकटे राहणार. नाही जमलं तर पुणे. म्हणजे आमचा सगळा संसार त्या चार यंत्रांच्या हातात गेला.

सामान लेकीनं पाठवलं. इलेक्ट्रिशियननं बसवून दिलं आणि "आता सगळं मोबाइलवर होतंय मॅडम" म्हणून तो निघून गेला. कुठलं होतंय! फोनमध्ये दिवा दिसायचा तेव्हा कुलूप गायब, कुलूप सापडलं की पंखा रुसलेला. बऱ्याच डोकेफोडीनंतर कळलं की आमच्या राऊटरची वायफाय दोन आहेत, एक जोरात पळणारं आणि एक सावकाश चालणारं. फोन पळणाऱ्यावर, दिवा बिचारा फक्त सावकाशवाल्याला ओळखणारा. एकाच घरात दोन चुली! मी त्या एक केल्या, तर दुसरं दुखणं निघालं. लाईट गेली की राऊटर बंद, आणि लाईट आली की भर दुपारी दिवा आपोआप पेटायचा. हे खुर्चीतून बघत होते. डावा हात उचलून म्हणाले, "राऊटर इन्व्हर्टरवर घे आधी."

घेतला. मग मी स्टुलावर आणि हे खुर्चीत, अशी आमची जोडी कामाला लागली. हे बोट दाखवायचे आणि मी वायर ओढायची. धडधाकट होते तेव्हा यांनी मला साध्या पकडीला हात लावू दिला नव्हता. "तू भाजी बघ" म्हणायचे. आता माझ्या हातून स्क्रू सुटून दिवाणाखाली गेला की असे कपाळाला हात लावायचे की मला स्टुलावरच हसू यायचं. औषधं, व्यायाम आणि डॉक्टर यांच्यापलीकडचं काहीतरी दोघं मिळून करतोय, असं किती तरी महिन्यांनी झालं होतं. ते दिवस मला फार आवडले.

चार जावा बोलायला लागल्या. पण खरी पंचाईत पुढेच होती. डब्याला यांचं बोलणं कळेना.

डब्याला मराठी जेमतेम, हिंदी चांगलं. आता आमच्या शहरात हिंदी कुणाला येत नाही? पण ते "कायकू" आणि "नक्को"वालं हिंदी. डब्याचं हिंदी टीव्हीवरच्या बातम्यांचं. त्यात यांची जीभ जड. हाक मारायचं डब्याचं नाव तेवढं यांना जमायचं. पुढं "पंखा लाव" म्हटलं की शब्द अर्धे ओठातच राहायचे. डबा गोड आवाजात म्हणायचा, "माफ कीजिए, मैं समझी नहीं." यांनी पुन्हा म्हटलं. "मैं समझी नहीं." आणखी एकदा म्हटलं. तेच उत्तर. मग यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं आणि त्या दिवशी माझ्याशीही बोलले नाहीत.

झटका आल्यापासून यांनी परक्या माणसांसमोर बोलणं टाकलंच होतं. समोरचा "काय म्हणालात?" म्हणून कान पुढे करतो ना, ते यांना सहन होत नाही. माणसांचं ठीक आहे, त्यांना टाळता येतं. आता घरातलं एक यंत्रही तेच विचारायला लागलं होतं. माझं टाळकं सरकलं. मी डब्याला एक सणसणीत चापट मारली. डबा म्हणाला, "मैं आपकी क्या मदद कर सकती हूँ?"

ॲपमध्ये एक सोय असते. डब्याला काय ऐकू आलं, ते अक्षरांत दिसतं. मी बघितलं. यांनी "पंखा लाव" म्हटलं होतं आणि डब्याला ऐकू आलं होतं "पका ला". प्रत्येक वेळी तेच, "पका ला". म्हणजे यांचं बोलणं अस्पष्ट होतं, पण बेशिस्त नव्हतं. आणि त्याच ॲपमध्ये अमुक शब्द ऐकलास की तमुक कर, असं डब्याला शिकवताही येत होतं.

इथं माझी परीक्षा होती. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी अर्धा गुण कापणारी बाई मी. शाळेत पोरी मला मागं काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. ती मी, चष्मा पुसून बसले आणि स्वतःच्या हातानं टाइप केलं: "पका ला". याचा अर्थ, पंखा लाव. मग "इवा". याचा अर्थ, दिवा लाव. हे एकेक शब्द बोलायचे, मी डब्याच्या कानांनी ऐकायचे आणि तसाच्या तसा लिहायचे. अख्ख्या नोकरीत एवढं अशुद्ध मी कधी लिहिलं नव्हतं आणि एवढं मन लावून तर नाहीच.

सगळ्यात मजा आली ती मला बोलावण्याच्या हाकेची. यांनी हाक मारली की माझा फोन वाजायला हवा होता. हे मला जन्मभर एकाच हाकेनं बोलावत आलेत, "अगं ए". डब्याला ते ऐकू आलं, "आग है". मी पडद्यावरचं वाचून दाखवलं. हे म्हणाले, "बराबर ऐकलं की त्यानं."

तर असं आमचं घर तयार झालं. उरलं ते माझं जाणं-येणं. ते लेकीनं पुण्यात बसून, फोनवरूनच बसवलं. मी डब्याला हाक मारून "जाते" म्हटलं की कुलूप लागणार, दिवा बंद होणार आणि यांच्या हाका माझ्या फोनवर यायला लागणार. "येते" म्हटलं की कुलूप उघडणार आणि फोनवरच्या हाका थांबणार, कारण मग मी घरातच असणार. जाते, येते. किती सोपं. मी ते ऐकलं, "छान" म्हटलं आणि माझ्या काही लक्षात आलं नाही.

पहिल्या दिवशी पर्स खांद्याला लावली, यांच्याजवळ पाणी, फोन, काठी ठेवली, दारात उभं राहून डब्याला हाक मारली आणि म्हटलं, "येते."

कुलूप घर्रर्र वाजलं. ते लागतानाही तसंच वाजतं आणि उघडतानाही. मी दार ओढून घेतलं आणि छावणी भागातल्या माझ्या शाळेला गेले. दिवसभर फोन गप्प होता. मी स्टाफरूममध्ये फुशारकी मारली की बघा, माझं घर कसं शहाणं झालंय.

परतले तर दार नुसत्या धक्क्यानं उघडलं. आत दिवाणावर वरच्या मजल्यावरच्या भाभी बसल्या होत्या, यांच्या पुढ्यात चहाचा कप होता आणि हे माझ्याकडे बघत नव्हते. मला बाजी, म्हणजे ताई म्हणणाऱ्या भाभींनीच सांगितलं, "बाजी, दरवाजा खुल्ला था. हवा से हिल रहा था. मैं बोली भाईसाब ऐसा खुल्ला कायकू छोडे? अंदर आके देखी तो लकडी उधर पडी थी और भाईसाब आवाजां दे रहे थे."

काठी घसरून लांब गेली होती आणि तिच्या धक्क्यानं फोनही खाली पडला होता. यांना उठता येईना. यांनी डब्याला हाक मारून "अगं ए" म्हटलं. डबा दर वेळी म्हणाला, "ठीक है." आणि माझा फोन काही वाजला नाही. भाभी उठून गेल्यावर हे म्हणाले, "लई हाका मारल्या. तू आली नाय."

या सबंध दुखण्यात मी पुष्कळ वाईट ऐकलंय, डॉक्टरांकडून, नातेवाइकांकडून. पण त्या एवढ्याशा बोलण्याइतकं मला काहीच लागलं नाही. मी यांच्या पायाशी जमिनीवरच बसले.

लेकीला कळवलं, तेव्हा तिचा आवाज एकदम थंड झाला. "बस झालं, आई. मी रविवारी येते. बाबांना घेऊन जाते."

लेक अजून फोनवरच होती. कारखान्यात बिघाड झाला की विचारत असतील तशा सुरात यांनी मला विचारलं, "जाताना... काय म्हणली तू?"

"येते म्हणाले."

"रोज काय म्हणती?"

"येतेच म्हणते. दुसरं काय म्हणणार?"

हे थोडे पुढे सरकले. "मंग डबं बराबर हाय. तू येते म्हणली, त्याला वाटलं तू आली. दार उघडलं त्यानं. तुझी लेक चुकली."

मग लेक म्हणाली, "अगं आई, पण निघताना ‘येते’ कोण म्हणतं?" आणि स्वतःच थांबली, कारण ती स्वतः तेच म्हणून मोठी झालेली. इंग्रजी शाळेत घातली तरी घरच्या दारात मराठीच होतं. यंत्रासाठी मांडताना मात्र तिनं जाणं म्हणजे जाणं आणि येणं म्हणजे येणं असं लिहून टाकलं. मराठीची बाई असून ते माझ्याही ध्यानात आलं नाही, मग तिला काय बोलू?

"ठीक आहे," ती म्हणाली, "उद्यापासून ‘जाते’ म्हण. एवढंसं तर काम आहे."

मी सराव करायला दारात उभी राहिले. शब्द दोन अक्षरांचा. ओठापर्यंत आला आणि अडकला. माझं माहेर गंगापूरकडचं. लहानपणी घाईत "जाते गं" म्हणून पळाले की आई अर्ध्या रस्त्यातून परत बोलवायची, ओट्यावर बसवायची, घोटभर पाणी पाजायची आणि "येते" म्हणवून मगच सोडायची. यांना अतिदक्षता विभागात ठेवलं होतं तेव्हा भेटीची वेळ संपली की नर्स बाहेर काढायची, तेव्हा शुद्ध नसलेल्या या माणसाच्या कानाशीही मी "येते" म्हणूनच निघत होते. एका डब्यासाठी आता दुसरं कसं म्हणू?

यांनी डावा हात वर केला. "जाते म्हणायचं नाय या घरात. डब्याला सांग."

मग डब्याला सांगितलं. "येते" म्हणजे निघाली. कुलूप लाव, हाका तिच्या फोनवर पाठव. लेकीनं तिकडून बदल केला आणि विचारलं, "मग आल्यावर आई काय म्हणणार?"

"आल्यावर काय म्हणायचं नाय," हे म्हणाले. "बेल वाजवायची. दार मी उघडीन."

पडल्यापासून यांनी कुणाला दार उघडलेलं नव्हतं. लेक घाबरून म्हणाली, "बाबा, उठायचं नाही हं."

"उठतो कशाला? डबं हाय की."

लेक वकील व्हायची ती चुकून इंजिनिअर झाली. तिनं अट घातली. रविवारी ती येणार. सोमवारी मी शाळेत जायचं आणि तिनं आतल्या खोलीत बसून राहायचं, कशालाही हात लावायचा नाही. बाबांनी दिवस काढला आणि आईला दार उघडून दिलं, तर ती एकटी परत जाणार. नाहीतर बाबांची बॅग भरायची.

दार हे सगळ्यात अवघड होतं. "दार उघड"चं डब्याला काय ऐकू येतं ते लिहून झालं. पण दार उघडं राहिल्याच्या धसक्यानं लेकीनं कुलपाला आता उघडण्याआधी आकडे विचारायला लावलं होतं आणि आकड्यांच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाही. चुकला की चुकला. तिथं माझं अशुद्धलेखन चालेना. मग आम्ही दोघं बसून यांच्या जिभेला झेपतील असे आकडे निवडत बसलो. तीन नको, त्याचा त खाली पडतो. सात तर मुळीच नको. जे निवडले ते अर्थातच सांगणार नाही. हे दिवसभर पुटपुटत असायचे. उच्चाराचे व्यायाम करा म्हणून डॉक्टरांनी किती सांगितलं होतं, तेव्हा यांनी तोंड उघडलं नव्हतं.

सोमवारी मी "येते" म्हणून निघाले. कुलूप घर्रर्र वाजलं. या वेळी मी बाहेरून दार दोनदा ढकलून बघितलं. मधल्या सुट्टीत फोन वाजला. माझ्या हातातला जेवणाचा डबा खाली पडता पडता राहिला. मी धावत व्हरांड्यात जाऊन फोन लावला, "काय झालं? काय झालं हो?"

"काय नाय," हे म्हणाले. "बघत व्हतो, वाजतंय का."

संध्याकाळी मेथीची पिशवी घेऊन जिना चढले आणि बेल वाजवली. लेक आतल्या खोलीत असणार, ओठ चावत. मला बाहेरून आकडे दाबून दार उघडता आलं असतं. मी हात मागे घेतला.

"कोण हाय?" आतून यांचा आवाज आला.

"मी."

"मी कोण?"

"अहो, उघडा ना. हात भरून आलेत माझे."

मग एकेक शब्द सुटा, पण चांगला मोठ्यानं: "नाव घे. मंग उघडतो."

मला आधी कळलंच नाही. मग कानशिलं तापली. यांच्या गावी नवी नवरी म्हणून उंबऱ्यात उभी होते तेव्हा नणंदांनी दार अडवून हेच म्हटलं होतं आणि मी मान खाली घालून कसंबसं नाव घेतलं होतं. आता पांढऱ्या केसांनी, जिन्यात, मेथीची जुडी घेऊन? वरच्या कठड्यावरून भाभी वाकल्या. "क्या हुआ बाजी? भाईसाब खोल नै रहे?"

"नाम लेने बोल रहे हैं."

"तो लेव ना!" भाभी म्हणाल्या आणि ऐकायला दोन पायऱ्या खाली आल्या.

मी पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि म्हटलं,

"चार कंपन्यांची यंत्रं, एकाचं दुसऱ्याशी पटेना,
......रावांचं नाव घेते, दार काही उघडेना!"

नाव पूर्ण घेतलं, खणखणीत. ते इथं लिहिणार नाही. भाभींनी टाळ्या वाजवल्या. आतून यांची डब्याला हाक ऐकू आली, मग हुकूम, मग डब्याचा आकड्यांचा प्रश्न. यांनी आकडे सांगितले. डबा म्हणाला, "फिर से बोलिए." यांनी पुन्हा सांगितले, सावकाश, एकेक अक्षर जागेवर ठेवत. बऱ्याच वेळानं कुलूप घर्रर्र वाजलं.

हे खुर्चीतच होते, घामानं भिजलेले आणि अर्ध्या चेहऱ्यानं हसत. लेक आतल्या दारात डोळे पुसत उभी होती. "मी रात्रीची गाडी बघते," ती म्हणाली, "एकटीची."

मला यांना रागवायचं होतं की शेजारीपाजारी काय म्हणतील, या वयात काय हे. पण हे माझ्याकडेच बघत होते. दोन वर्षं यांना सगळे बाबा म्हणत होते, काका म्हणत होते, पेशंट म्हणत होते.

"लई दिसांनी ऐकलं," हे म्हणाले, "माझं नाव."